पाय टेकायची जागा

आमच्या गावाचं नाव कागदावर लिहायचं तर कंस लागतो. आंजी (मोठी). बसच्या पाटीवर, सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, जिथं पाहाल तिथं त्या दोन चंद्रकोरींच्या मधोमध ‘मोठी’ हा शब्द अंग चोरून बसलेला असतो. आपलं मोठेपण इतक्या हळू आवाजात सांगणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्याच जिल्ह्यात गांधीजी ज्या सेगावात राहायला आले, त्या गावाची पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली, तेव्हा १९४० साली गावाचं नावच बदलून सेवाग्राम करावं लागलं. आमचं कंसावर भागलं. तर अशा या मोठ्या आंजीत मी पाच फूट दीड इंच उंचीनं गेली अठ्ठावन्न वर्षं नांदतो आहे. त्यातला शेवटचा अर्धा इंच मी कुणाला सोडत नाही. तो मोठ्या कष्टाचा आहे. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत माझा नंबर कायम पहिला असायचा. पाहुण्यांना हे सांगताना बाबा ‘रांगेत’ हा शब्द तेवढा गाळत.

बुटक्या माणसाला उंचीचं दुःख असतं असं उंच माणसांना वाटतं. तसं काही नसतं. फळीवरचा डबा काढायला पाट लागतो, लग्नाच्या फोटोत पुढं बसायला मिळतं, भरलेल्या एस. टी.त वरचा दांडा ही आपल्यासाठी केलेली सोय नाही हे लवकर कळतं, एवढंच. मला स्वतःला उंचीची आठवण झाली ती वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मास्तरकीतून सुटका होणार म्हणून उरलेल्या आयुष्यात काय करावं याची यादी करत बसलो होतो तेव्हा. यादीत तुकारामांची गाथा पुन्हा एकदा नीट वाचायची होती, कवळी बसवायची होती, आणि तिसऱ्या ओळीवर, माझं मलाच आश्चर्य वाटावं अशा अक्षरात, ‘उंच मडगार्डवाली गाडी’ असं लिहिलेलं होतं.

याला कारण पांदण. आमचं वावर गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, पांदणीच्या अगदी टोकाला. सरकारी कागदात तिला पाणंद म्हणतात; आम्ही पांदणच म्हणतो. दोन्ही अंगांना धुरे, धुऱ्यांवर बाभळी नि बोरी, मधून बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, आणि त्या चाकोऱ्यांच्या मधोमध मुंजीतल्या बटूच्या शेंडीसारखी गवताची एक लांबच लांब रेघ. उन्हाळ्यात ही पांदण भाजलेल्या पापडासारखी तडकलेली असते. दिवाळीनंतर, दोन्हीकडं पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली नि तुरीला पिवळी फुलं, तेव्हा ती इतकी देखणी दिसते की मागचे चार महिने तिनं जे केलं ते माणूस विसरून जातो. त्या चार महिन्यांत मात्र आमची काळी माती लग्नघरातल्या एखाद्या मावशीसारखी होते. वर्षभर कोपऱ्यात कोरडी बसलेली, आणि डोळ्यांत पाणी आलं की गळ्यात पडून सोडत नाही. चपलेला चिकटते, चपलेला चिकटलेल्या मातीला आणखी चिकटते. शेतावर पोचेपर्यंत माझी उंची सहज पाच फूट चार इंच झालेली असते.

साध्या मोटारसायकलचं या गाऱ्यात काय होतं ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. पुढचं मडगार्ड चाकाला लागून असतं. त्या दोघांच्या फटीत काळा चिखल जाऊन बसतो, वर गवत, काड्या, पऱ्हाटीचा पाला, आणि चार-पाचशे फुटांत चाक फिरायचं थांबून घसरायला लागतं. मग उतरायचं, धुऱ्यावरून एक काडी मोडायची आणि दात कोरल्यासारखं चाक कोरत बसायचं. अनेकांनी ते मडगार्डच काढून घरी खुंटीला टांगून ठेवलं आहे. मग चिखल चाकात अडकत नाही, थेट कपाळावर टिळ्याला येतो. ज्या गाडीचं पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर, एखाद्या चोचीसारखं निघालेलं असतं, ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तिच्या रूपापेक्षा तिच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं होतं. कुणीतरी चिखलात उभं राहून हा विचार केलेला आहे.

पुतण्या पुण्याला असतो. त्यानं मोबाईलवर दाखवलं तेव्हा कळलं की अशा गाड्यांना ऑफ-रोड म्हणतात, आणि शहरातली माणसं रीतसर पैसे भरून, गुडघ्याला कोपराला चिलखतं बांधून, त्यांवरून चिखलात पडायला जातात. मी बराच वेळ पाहत राहिलो. आजोबांनी ज्या चिखलातून सुटका व्हावी म्हणून अर्ज केले, बाबांनी केले, मी केले, तो चिखल एवढा मोलाचा आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. “काका, हा ऑफ-रोड ट्रॅक आहे,” पुतण्या म्हणाला. मी म्हटलं, “बाळा, आपल्याकडं याला वावराचा रस्ता म्हणतात.”

तर सांगत होतो यादीतल्या तिसऱ्या ओळीचं. वर्ध्याला एका दुकानात गेलो. गाडीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हता, असलाच तर माझ्या आजोबांचा होता. दुकानातला पोरगा फार अदबीचा. “काका, बसून तर पाहा,” म्हणाला. डावा पाय जमिनीवर ठेवून उजवा पलीकडं टाकायचा हे दुचाकीचं पहिलं व्याकरण. पण उजवा पाय सीटच्या काठापर्यंत जाऊन, उंबरठ्यावरचं माप ओलांडायला बिचकणाऱ्या नवरीच्या पावलासारखा तिथंच थबकला. दुसऱ्या प्रयत्नात चढलो. वरून दुकान वेगळंच दिसत होतं. मालकाच्या टेबलावर काचेखाली ठेवलेले देवांचे फोटो दिसत होते, पोराच्या डोक्यावरचा भोवरा दिसत होता. उंच माणसं जग असं पाहतात तर. त्यांच्याविषयीची माझी अनेक वर्षांची अढी त्या अर्ध्या मिनिटात गेली.

“पाय टेकते का, काका?”

“टेकते,” मी म्हटलं. खरं तर डाव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढे दोघेच जमिनीला भेटून आले होते. पाण्याची खोली बघणाऱ्या बगळ्यासारखे. उजवा पाय पलीकडं हवेत होता आणि त्याला बोलावल्याशिवाय यायचं नव्हतं. पोरानं वाकून पाहिलं, सरळ झाला आणि समजूतदारपणे दुसरीकडं बघत म्हणाला, “होते होते सवय.” मग त्यानं एकेक उपाय सांगितले. जाड तळव्याचे बूट घ्या, इंचभर तिथं मिळते. थांबताना दोन्ही पायांचा हट्ट धरू नका. सीटवरून एका अंगाला सरका नि एकच पाय पक्का टेकवा. कुशनवाल्याकडून सीटचा फोम तासून घ्या. मागच्या शॉकअपची लिंकेज बदलून मिळते, त्यानं गाडी खाली येते. पुढचे फोर्क त्यांच्या पकडीतून थोडे वर सरकवले की पुढूनही खाली येते. मी विचारलं, “आणि एवढं सगळं करून ती खाली आली, की खालचे दगड?” तो हसला. “मग ते लागन.”

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. मास्तरचा हात, त्रैराशिक मांडल्याशिवाय दुःखसुद्धा होत नाही. हीरोनं २०११ साली इम्पल्स नावाची दीडशे सीसीची गाडी आणली होती, तिच्या सीटची उंची ८४० मिलिमीटर. २०१९ मध्ये तिच्या वाटेनं एक्सपल्स आली, ती सव्वाआठशेच्या आसपास. कावासाकीची केएलएक्स २३० तर ८८०. तिला वळसा घालूनच मी पुढं गेलो. ८२५ मिलिमीटर म्हणजे साडेबत्तीस इंच. माझ्या विजारीची आतली शिवण शिंप्याच्या वहीत गेली चाळीस वर्षं सत्तावीस इंचांवर कायम आहे. बाकी साडेपाच. बसल्यावर गाडी थोडी दबते, टाच उचलली की दोन इंच मिळतात, बुटाचा एक. तरीही हिशेबात काहीतरी लोंबकळत राहतंच, आणि ते मीच असतो.

यात दुष्टावा कुणाचा नाही. गाडी खड्ड्यात आदळू नये तर चाकाला वरखाली व्हायला जागा हवी; एक्सपल्सचं पुढचं चाक १९० मिलिमीटर वर-खाली नाचू शकतं. दगड पोटाला लागू नये तर पोट उंच हवं. तिचं २२० मिलिमीटर उंच आहे. चाक मोठं असलं की खड्ड्यात उतरण्याऐवजी तो ओलांडून जातं, म्हणून पुढं एकवीस इंची चाक. आमच्या बंडीचं चाक एवढं मोठं का असतं याचंही उत्तर हेच, आणि ते आमच्या सुतारांना कुठल्या प्रयोगशाळेनं सांगितलेलं नव्हतं. या एकावर एक रचलेल्या शहाणपणाच्या माळ्यावर सगळ्यात शेवटी माणूस बसतो. वाट जितकी खराब, तितकं तिच्यापासून उंच राहायचं, असा या यंत्राचा सगळा विचार. आणि माझी मागणी अगदी उलटी, जमीन जरा जवळ असू द्या एवढीच. त्या वाटेवर रोज जाणारी माणसं कोण? आमचा सालदार माझ्याहून दोन बोटं कमी. डवऱ्यामागं चालणारे, निंदायला जाणाऱ्या बाया, सगळे काळ्या मातीला लगटून वाढलेले. खराब वाट ज्यांच्या वाट्याला आली ती माणसं ठेंगणी, आणि खराब वाटेसाठी केलेली गाडी उंचांची. याला अन्याय म्हणणं फार होईल. लग्नात सगळ्यात गोड लाडू मधुमेह झालेल्या व्याह्याच्या पानात पडतो, तसं काहीसं.

मग एके दिवशी पुतण्यानं मला जपानची गोष्ट सांगितली, आणि मी जवळजवळ प्रेमात पडलो. यामाहा कंपनीनं १९८५ साली सेरो नावाची एक लहान गाडी काढली. सव्वादोनशे सीसीला थोडी कमी, वजनानं शंभर किलोच्या आसपास, सीट ८१० मिलिमीटर. सेरो हा डोंगरात राहणारा, बकरीसारखा दिसणारा, अंगानं भरलेला नि स्वभावानं लाजाळू प्राणी. जपानीत त्याला कामोशिका म्हणतात, आणि हिमालयातही त्याचे भाऊबंद आहेत. ही गाडी करणाऱ्यांचं सूत्र होतं: दोन चाकं, दोन पाय. म्हणजे चढ अवघड आला, झाडाची मुळं आडवी आली, तर पाय खाली सोडायचे, जमिनीला टेकवत, ढकलत, थोडं गाडीनं थोडं माणसानं असं वर जायचं. जोरात जायचं नाही, उडी मारायची नाही, कुणाला हरवायचं नाही. फक्त डोंगरातून हळूहळू हिंडून घरी यायचं. हे ऐकून माझा घसा दाटून आला. जगाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी शहाणी माणसं टेबलाभोवती बसली होती आणि त्यांच्या कागदावर माझ्या पायांचा उल्लेख होता! पस्तीस वर्षं ती गाडी चालली आणि २०२० साली शेवटची आवृत्ती काढून त्यांनी ती थांबवली. आपल्याकडं ती कधी आलीच नाही. मला तिचं असणं नि नसणं एकाच संध्याकाळी कळलं. लांबच्या नात्यातल्या एखाद्या मायाळू आत्याचं नाव पहिल्यांदा तिच्या तेराव्याच्या चिठ्ठीतच वाचावं, तसं.

पण दोन चाकं, दोन पाय हे मी कुठंतरी पाहिलेलं होतं. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा आठवलं. बाबांची लुना. नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली काढलेली ती पन्नास सीसीची गाडी आमच्या घरी आली ती बऱ्याच वर्षांनी आणि दुसऱ्याकडून वापरून. तिला सायकलसारखे पायडल होते. पायडल मारून ती चालू व्हायची, आणि मोठं मन असं की तुमची मदत घ्यायला तिला कधी कमीपणा वाटला नाही. नाल्याचा चढ आला की बाबा पायडल मारायला लागत. इंजिन कण्हत असे, बाबा श्वास टाकत असत, आणि दोघं एकमेकांना सांभाळत वर येत. पुष्कळ वर्षं संसार केलेलं जोडपं देवळाच्या पायऱ्या चढतं तसं. समोरच्या मोकळ्या जागेत मजुरांच्या भाकरींचं टोपलं, हँडलला पाण्याची बाटली, मागं मी. बाबाही माझ्याच उंचीचे. माझ्या उंचीचा मूळ लेखक तेच. पण लुनेवर त्यांचे दोन्ही पाय सपाट, टाचेसकट जमिनीवर असत, आणि थांबले की ते एखाद्या पाटलासारखे थांबत. चिखलात ती अडकली तर उचलून धुऱ्यावर ठेवत. उचलता येणारी गाडी! आता लुना विजेवरची होऊन २०२४ साली परत आली म्हणतात. पायडल मात्र गेले. मी समजू शकतो. हल्ली कुणाला कुणाची मदत मागायची सवय राहिलेली नाही.

गावात दुसरी होती ती बजाजची एम-एटी. तिच्या पाठीवर दोन्हीकडं दुधाचे कॅन, मध्ये वैरणीचा भारा, त्या भाऱ्यावर कधी पोरगं, आणि हे सगळं पांदणीतून डुलत येताना समोरून पाहिलं तर गाडी दिसतच नसे, गोठाच चालत आल्यासारखा वाटे. तिचा गिअर हाताशी, सीट खाली, तक्रार नाही. तिला कुणी ऑफ-रोड म्हटलं नाही, कारण आमच्याकडं रस्ता हीच अपवादाची गोष्ट होती. त्या गाडीवरचं नावही आमच्या घरचंच. जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांच्या आग्रहानं गांधीजी वर्ध्याला आले. म्हणजे आयुष्यभर पायी चालण्याचं महत्त्व सांगणाऱ्या माणसाला ज्यांनी आमच्या जिल्ह्यात आणलं, त्यांच्याच नावाच्या कारखान्यानं पुढं सगळ्या महाराष्ट्राला चाकांवर बसवलं. इतिहास विनोद करतो तेव्हा तोंडावरची सुरकुती हलू देत नाही. आणि आमच्या अंगणावरून जाणारी धाम नदी ज्या पवनारला पोचते, तिथून विनोबा १९५१ साली जे पायी निघाले ते पुढं तेरा वर्षं चालतच राहिले. देशातल्या किती पांदणी त्या पायांखालून गेल्या असतील! ऑफ-रोडचा खरा मोठा माणूस आमच्या जिल्ह्यातलाच म्हणायचा, आणि त्याच्या सीटची उंची शून्य मिलिमीटर.

एवढं सगळं कळून मी शहाणा व्हायला हवा होतो. लुनेसारखीच एखादी जुनी एक्सेल घ्यायची, सपाट पाय टेकवून निवांत वावरात जायचं. पण दिवाळीनंतर पुतण्यानं त्याची हौसेची उंच गाडी विकायला काढली. पुण्याच्या गर्दीत त्याला ती नको झाली होती. “काका, तुम्ही घेता का?” त्यानं गमतीनं विचारलं, आणि मी गमतीनं हो म्हटलं, आणि अशा गमतीगमतीत आमच्या कुळात पूर्वी लग्नंसुद्धा झालेली आहेत. बायको काही बोलली नाही. गाडी ट्रकमधून उतरली तेव्हा तिनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि आत जाऊन पाट आणून अंगणात ठेवला.

पाट लागला नाही. फाटकाजवळ एक जुनं जातं पालथं पडलेलं आहे. आमच्याकडं बंडी होती तेव्हा माय त्या जात्यावर पाय ठेवून बंडीत चढत असे. लुना आली, जात्याचं काम संपलं. बंडी गेली, बैल गेले, मायही गेली. तीसेक वर्षं त्या दगडावर कोंबड्या बसल्या. त्या दिवशी मी गाडी त्याच्या शेजारी लावली, जात्यावर पाय ठेवला आणि सहज, पलीकडं पाय टाकून, बसलो. दगडाला ओळख पटल्यासारखं वाटलं. घराण्यातल्या ठेंगण्या माणसांना वाहनावर चढवायचं त्याचं काम फक्त मध्यंतरी थांबलेलं होतं.

वर्ध्याच्या एका कुशनवाल्यानं सीटचा फोम तासून दिला. “दोन बोटं काढली गुरुजी, याच्या खाली हाडकं,” म्हणाला. त्याची की माझी, ते विचारलं नाही. तरीही उरलेलं अंतर उरलंच, आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात गावाचा एक नवाच नकाशा तयार झाला. उंच माणूस गाडी कुठंही थांबवतो. मला थांबायला जागा लागते: एखादा दगड, पायरी, काठ, जिथं डावा पाय विश्वासानं ठेवता येईल. अठ्ठावन्न वर्षं ज्या गावात राहिलो त्याचे चढउतार मला आता पायाच्या बोटांनी पाठ झाले. पिंपळाचा पार बरोबर उंचीचा, पण तिथं पाय टेकवला की पारावरच्या चार म्हाताऱ्यांना कापसाच्या भावाविषयी मत दिल्याशिवाय उचलता येत नाही. आर्वीच्या रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड चांगला. ट्रकवाले हात करतात, मी टेचात करतो. नाल्यावरच्या रपट्याचा काठ उन्हाळ्यात उत्तम, पावसाळ्यात भरवशाचा नाही. पांदणीत धुऱ्यावर एक वारूळ आहे, त्याच्यावर एकदाच पाय ठेवला. घरधनी बाहेर आला नाही, पण मी पुन्हा त्रास दिला नाही.

आणि गावाच्या शेवटाला, जिथून पांदण सुरू होते, तिथं एका म्हातारीचा ओटा आहे. नात्यानं लांबची काकू. मुलगा नागपूरला. पांदणीत शिरण्याआधी पहिल्या गिअरात यायला मला थांबावंच लागतं, आणि थांबायला त्या ओट्याइतकी नेमकी उंची दुसरीकडं नाही. त्यामुळं रोज सकाळी नऊच्या सुमारास माझा डावा पाय तिच्या ओट्यावर असतो. “आला का रे बाबू,” ती आतून म्हणते, आणि पाण्याचा गडवा घेऊन बाहेर येते. गुडघा कसा आहे, रात्री झोप लागली का, मुलाचा फोन आला का, एवढं तरी विचारावं लागतं. पाय तिच्या ओट्यावर ठेवून गप्प कसं राहणार? तिनं सगळ्या आळीत सांगून ठेवलं आहे की सख्खा मुलगा करत नाही इतकी विचारपूस गुरुजी करतात, रोज गाडी थांबवतात. पहिले दोन महिने तो तिचा गैरसमज होता.

पडलोही. आषाढात एकदा पांदणीच्या मध्यावर गाडी उभी राहिली. डावा पाय टेकवायला गेलो तर चाकोरी तिथं हातभर खोल, पाय जातच राहिला, जातच राहिला, आणि त्याच्यामागून मी, आणि माझ्यामागून दीडशे किलोंची गाडी अगदी सावकाश, झोपेत कूस बदलावी तसे आडवे झालो. लागलं काहीच नाही. काळी माती इतकी मऊ की क्षणभर उठूच नये वाटलं. आमच्या सालदारानं धुऱ्यावरून पाहिलं, धावत न येता चालत आला, आणि बैलाला वेसण धरून उठवतात तसं हँडल धरून गाडी उभी केली. मग मला. “गुरुजी,” तो म्हणाला, “उतराचंच होतं त मले आवाज द्याचा.”

परवा पोळा झाला. दारात बैल नाही म्हणून पूजा मातीच्या बैलांची, जात्यावरच मांडली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या विदर्भाबाहेरच्या माणसाला याची कल्पना येणार नाही. सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा तर दुरून लोक पाहायला येतात एवढा मोठा. तेही कंसातलंच गाव. खऱ्या बैलांचा सण झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा, लाकडी बैलांचा. बैलांना पायाशी चाकं, नाकात दोरी, शिंगांना बेगड. पोरं नवे कपडे घालून ते ओढत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. मोठ्यांच्या जगातली सगळ्यात बलदंड गोष्ट ज्यानं कुणी पहिल्यांदा वीतभर करून, चाकं लावून, पोराच्या हातात दिली, त्याला उंची म्हणजे काय ते पुरतं कळलेलं असणार. मी ओसरीत बसलो होतो. सात-आठ जण येऊन गेले. शेवटी मागं राहिलेला एकजण आला, पाचेक वर्षांचा, डोक्यावर बाबाची टोपी कानांपर्यंत उतरलेली. त्यानं आपला बैल माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी नेऊन उभा केला आणि दोघांकडं बराच वेळ आळीपाळीनं पाहिलं.

“आजोबा, हा तुमचा बैल?”

“हो.”

“याचे चाकं मोठे हाय.” मग जरा थांबून, “मले बसू द्या.”

मी जात्यावर चढलो, त्याला काखेत धरून वर ठेवला. त्यानं दोन्ही हातांनी टाकी धरली. टोपी डोळ्यांवर आली, ती मी मागं सारली. त्याचे पाय सीटच्या दोन्ही अंगांना आडवेच राहिले, जमिनीच्या दिशेनं वळलेसुद्धा नाहीत. माझ्या तोंडून आपोआप गेलं, “पाय टेकते का?”

त्यानं एकदा इकडून खाली पाहिलं, एकदा तिकडून. “नाही,” तो म्हणाला. त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. “मोठा झालो का टेकतीन.” आणि मग जात्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडं नीट निरखून पाहत त्यानं विचारलं, “तुमचे कधी टेकतीन?”

मी खिशात हात घालून बोजाऱ्यासाठी सुटे पैसे शोधू लागलो.